म्हसूची थाळी

१० जानेवारी १९८५

आज गुरुवार, कारखान्याला सुट्टी. शेळ्या घेऊन टेकडीवर होतो. दुपारी भुकूमच्या रस्त्यावरून एक पांढरी मोटार वळली आणि वाडीच्या खाली थांबली. आमच्याकडे मोटार येते ती मतं मागायला नाहीतर कुणाला दवाखान्यात न्यायला, म्हणून लगबगीनं उतरलो. चष्मा लावलेले, केस विरळ झालेले एक गृहस्थ शेजारच्या गोजराबाईला म्हसूचं घर विचारत होते.

"घर हाय, म्हसू न्हाई," गोजराबाई म्हणाली. "त्याला जाऊन लई वर्सं झाली. तुमी कोन, सरकारी हाय का?"

ते हसले तेव्हा मी ओळखलं. आगटे साहेब. पूर्वी ते खांद्यापर्यंत केस वाढवून, पाठीला गिटार बांधून पुण्याहून सायकलीवर यायचे. माझा धाकटा भाऊ म्हसू ओव्या म्हणायचा. देवाच्या तर सगळेच म्हणतात, पण हा स्वतःच्या मनानं रचायचा. चुकलेल्या मेंढराची, पुण्याच्या दिव्यांची, भाकरी करपल्याची. साहेब त्याला गिटारीची साथ द्यायचे आणि मी झील धरायचो. त्यानं ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून घोळवायचं, एवढंच माझं काम. १९६९ साली साहेबांनी आम्हाला मुंबईला नेऊन त्याची रेकॉर्ड काढली. पहिली, आणि तीच शेवटची.

ती काही खपली नाही. पौडाच्या बाजारात एका हॉटेलात वाजवली तेव्हा मी ऐकली. आई आली नव्हती. भर बाजारात पोराचा आवाज डब्यातून ऐकायला तिला लाज वाटली. "त्यो घरीच हाय की माझ्या, तितं कशाला जाऊ ऐकाया?" असं म्हणाली होती. पुढं चार वर्षांनी म्हसू मेंढरं घेऊन कोकणात उतरला आणि तिकडंच तापानं गेला. माती तिकडंच दिली.

आगटे साहेब आता त्याच रेकॉर्ड कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. म्हणाले, "बाजीराव, लोक आता ती रेकॉर्ड मागतायत. कॉलेजातली मुलं, बाहेरच्या देशातलेसुद्धा. पुन्हा काढायची ठरली आहे, मोठ्या तबकडीवर, नव्या कव्हरात. पण गोदामात पुराचं पाणी शिरलं, मूळ टेप कुजली. साचे भंगारात गेले. माझी प्रत एका मित्रानं नेली ती नेलीच. म्हसूला एक दिली होती. ती आहे ना?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आहे की. देवात आहे."

त्यांना वाटलं मी बोलायची पद्धत म्हणून म्हणालो. घरात आणून देव्हारा दाखवला. घरातलं माणूस गेलं की आमच्यात चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवून देवात बसवतात. म्हसूचा टाक करायला सोनाराकडं निघालो होतो तर आईनं अडवलं. "टाक कशाला? ही त्याची थाळी हायेच की." तेव्हापासून ती रेकॉर्ड बिरोबाच्या मागं उभी आहे. रोज हळदकुंकू, सणाला तेल आणि दूध.

साहेबांनी आईला विचारून ती उचलली. रुमालानं पुसत राहिले. मग बाहेर आले आणि हळूच विचारलं, "ही घासता कशानं?"

"दसऱ्याला टाकांबरोबरच. चिंच आणि राख."

ते दगडावर बसले. म्हणाले, "बाजीराव, आवाज त्या बारीक रेषांत असतो. रेषाच राहिल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झाली आहे."

आई तेव्हा शेळ्यांच्या गोठ्यात पाणी दाखवत होती. दार लोटलेलं होतं. मी साहेबांचा हात धरला आणि सांगितलं, काही करा पण हे आईला कळता कामा नये. इतकी वर्षं तिनं स्वतःच्या हातानं घासली आहे. त्यांनी मान हलवली.

आई बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "साहेब घेऊन जात्यात. म्हसूचा आवाज काढनार."

"निघंल?"

"निघंल की. मिशिनी हायेत त्यांच्याकडं."

 साहेब थाळी वर्तमानपत्रात गुंडाळत होते ते ती बघत राहिली. मोटार सुरू होताना म्हणाली, "सांबाळून न्या, बाबा."

११ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर सोमनाथला सगळं सांगितलं. तो मशीनखात्यात आहे, भूगावहून येतो, मोकळेपणी बोलतो. त्यांच्या घरात देव नाहीत, बुद्धाची तसबीर आहे. मला वाटलं हसेल. आधी हसलाच.

"बाजीदादा, आमच्या म्हातारीनं रेडिओला हार घातला व्हता, पर घासला न्हाई कंदी."

मग माझं तोंड बघितलं. डब्यातली मिरची माझ्या झाकणात टाकली. "माझा बा गेला तवा मी सात वर्साचा. त्याचा आवाज कसा व्हता म्हनून कुनी इचारलं तर मला सांगता यायचं न्हाई. तुमच्या कानात तर हाय ना?"

कानात आहे. पण कानातला आवाज दुसऱ्याला कसा द्यायचा?

१८ जानेवारी

आईच्या हातांना काहीतरी झालं आहे. दिवसातून कितीदा तरी मोरीच्या दगडावर तळहात घासत बसते. बोटांची कातडी सोलली आहे. माझ्या बायकोनं, सुंदरानं, विचारलं तर म्हणे, "पिवळं जाईना." इतक्या वर्षांची हळद, एकदम कशी जाईल? पिरंगुटच्या दवाखान्यातून खाजेचं मलम आणून दिलं. घेतलं, पण लावलेलं दिसत नाही. म्हातारपणी कातडीला असं होतं म्हणतात.

२१ जानेवारी

आई सुंदराला म्हणाली, आजपासून भांड्यांना राख नको, दुकानातली पावडर आणा. चुलीपुढची राख तिनं स्वतः नेऊन लांब उकिरड्यावर टाकली, डब्यातली चिंचही टाकली. सुंदरा माझ्यावरच चिडली. "आवं, वरीसभराची चिंच! आत्याबाईंना आता शहरी चाळे सुचाया लागले. उद्या म्हन्त्याल टेबलावर जेवाया वाढ." मी पावडर आणली. म्हाताऱ्या माणसाचं मन कुठं जाईल सांगता येत नाही.

थाळीचं मात्र तिनं एकदाही विचारलेलं नाही. तिला विसर पडला असेल तर देवानंच केलं म्हणायचं.

२७ जानेवारी

आगटे साहेब कारखान्याच्या गेटवर आले. त्यांनी थाळी साबणाच्या पाण्यानं धुतली, मुंबईच्या चांगल्या यंत्रावर लावली. म्हणाले, "सुकलेल्या गवतातून वारं जावं तसं वाजतं. मधेच एका ठिकाणी गिटारीची एक तार कळते. माझी. म्हसू कुठंच नाही." हे सांगताना त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. रेडिओवाल्यांकडं विचारलं, जुन्या बाजारात माणसं धाडली. कुठंही नाही.

मला वाटलं विषय संपला. पण ते गेले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कंपनीनं जाहिरात करून टाकली आहे, बाजीराव. एक मार्ग आहे. सगळ्या ओव्या तुम्हाला पाठ आहेत. भावाभावांचा गळा एकच असतो. तुम्ही म्हणा."

"माझ्या नावानं?"

"म्हसूच्या."

मी सरळ नाही म्हणालो. मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलणं चांगलं नाही. ते म्हणाले, "मलाही ते चांगलं वाटत नाही. पण तुम्ही आईला सांगितलंय की आवाज निघेल. तिला काय सांगणार आहात?"

 

३ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात धड झोप नाही. खरं सांगावं तर आईला कळणार की म्हसूचा आवाज तिनंच राखेनं पुसून टाकला. खोटं सांगावं, साहेबांनी गाडीत फोडली, तर बिचाऱ्या माणसाला तिचा तळतळाट. गप्प बसावं तर एक दिवस ती विचारणारच. जिकडं वळावं तिकडं बांध.

आज खाडा करून बिरोबाच्या ठाण्यावर गेलो. पुजाऱ्याला कौल लावायला सांगितलं. उजवी कळी पडली तर गायचं, डावी पडली तर नाही. ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि हात जोडून बसलो. ऊन चढलं, कळ्या सुकल्या, एकही पडली नाही. पुजारी म्हणाला, "देवाला आज बोलायचं न्हाई. जा घरी." देवाला राग आला असता तरी चाललं असतं. त्यानं तोंडच फिरवलं.

येताना तळ्याकडून आलो. पाणी एकदम सपाट होतं. म्हसू असता तर त्यावर काहीतरी जोडलं असतं त्यानं. मला फक्त शेवटचं शेपूट धरता येतं, आणि पुढं कुणी काही म्हणतच नाही.

८ फेब्रुवारी

साहेबांना होकार कळवला.

सोमनाथ म्हणाला, "म्हंजी कव्हरावर म्हसू आन आत तुमी. मेल्याचा अंगठा उठवल्यावानी झालं की ह्ये."

"तसंच झालं," मी म्हणालो.

"न्हाई, मला राग न्हाई. माझी आई असती तर मीबी ह्येच केलं असतं." मग म्हणाला, "पर बाजीदादा, आई हाय ती. तिला दोन पोरांत फरक कळनार न्हाई व्हय?"

सोमनाथ तरुण आहे. आईला आता नीट ऐकूही येत नाही, असं मी धरून चाललो आहे.

२१ फेब्रुवारी

आज पुण्याला जाऊन आलो. घरी सांगितलं की कारखान्याच्या कामाला जातो. कर्वे रस्त्यावर एका बंगल्याच्या तळघरात सगळीकडं गोधड्या लावल्यासारख्या भिंती. एक माणूस काचेपलीकडं बसतो. आगटे साहेबांनी जुनी गिटार आणली होती. त्यांची बोटं मात्र तीच. पहिली ओवी, चुकलेल्या मेंढराची:

चुकलं मेंढरू गं, सांज झाली माळाला,
हाळी कुनाला देऊ, कोन हाय पल्याडला?

गिटार सुरू झाली. काचेतून हात झाला. मी तोंडच उघडलं नाही.

घाबरलो नव्हतो. मी वाट बघत होतो. जन्मभर दुसऱ्यानं ओळ टाकायची आणि मी उचलायची, गळ्याला तेच वळण. पुन्हा गिटार, पुन्हा तेच. जिथं झीलकऱ्यानं शिरायचं तिथं माझा आवाज आपसूक निघाला, "कोन हाय पल्याडला", आणि त्याच्या आधी सगळं रिकामं. काचेपलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटला. साहेब म्हणाले, "बाजीराव, पुढून धरा. तुम्हीच म्हसू आहात असं समजा."

ते मला समजता येईना. त्यांनी स्वतः ओळ म्हणून दाखवली. त्यांचं पुणेरी "मेंढरू" ऐकून मला हसू आलं आणि त्यांनाही. पण हसूनही जमेना.

शेवटी मी म्हणालो, मला माझ्या रीतीनं करू द्या. डोळे मिटले. म्हसू समोर गुडघा मोडून बसला आहे, कानावर हात ठेवला आहे, आणि ओळ टाकतो आहे असं मनात आणलं. त्याची ओळ पुरी होईस्तोवर गप्प राहिलो. मग तीच ओळ, त्यानं जशी टाकली तशी, मागून म्हणालो. प्रत्येक ओळ अशी. आधी तो, मग मी. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओव्या झाल्या. घसा सोलून निघाला.

काचेपलीकडचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "छान झालं. मधल्या गप्प जागा आम्ही कापून टाकू, काही कळणार नाही."

त्या जागा कापू नका असं म्हणावंसं वाटलं. पण का, ते त्याला काय सांगणार? टेप माझी नाही, यंत्र माझं नाही. मी चहा घेतला.

झील शहरातली दोन मुलं धरणार आहेत. एकच माणूस दोन्ही जागी नको, साहेब म्हणाले.

८ मार्च

काल होळीला सुंदरा सांगत होती, आई आता देवपूजा करत नाही. महिना होऊन गेला, सुंदराच करते. आई म्हणते हात थरथरतो. पण परवाच ती बिनचष्म्याची सुईत दोरा ओवून वाकळ शिवत होती, मी पाहिलं. मी विचारलं, "आई, पूजा का सोडलीस?" तर म्हणाली, "आता सुनंनं करावी. माझ्या हाताला येस न्हाई." एवढंच बोलून शेळीला चारा टाकायला उठली.

मला वाटतं थाळी जागेवर नाही म्हणून तिचं मन लागत नसेल. नवी आली की होईल सगळं पूर्वीसारखं.

२८ मार्च

रेकॉर्ड आली.

साहेब स्वतः घेऊन आले, बॅटरीवर चालणारं यंत्रही आणलं. कव्हरावर म्हसूचा फोटो. त्यांच्याकडं एकच होता, सायकल धरून उभा असलेला. बघता क्षणी सुंदरानं तोंडाला पदर लावला. गोजराबाई, तिच्या सुना, खालच्या आळीतली माणसं, सगळं अंगण भरलं. कुणीतरी आईला यंत्राजवळ घोंगडीवर बसवलं. मी तिच्या मागं उभा राहिलो, तिचं तोंड दिसू नये म्हणून. मग मलाच राहवेना, पुढं येऊन बसलो.

सुई टेकली. गिटार वाजली. आणि माझा आवाज म्हसूचा होऊन बाहेर आला. मधल्या जागा खरंच कळत नव्हत्या. ओळीला ओळ लागून, दम न घेता.

"म्हसूच गं बया!" गोजराबाई ओरडली आणि आईचा हात धरून रडायलाच लागली. "आगं तुका, म्हसूच! काल गेल्यावानी वाटतंय."

आई मान खाली घालून ऐकत होती. मग ती शहरातली मुलं मागून आली, "कोन हाय पल्याडला", गोड, बारीक आवाज. तेव्हा तिनं मान वर केली.

"बाजी, ही झील कुनाची?"

"माझीच की," मी म्हणालो. सगळ्यांदेखत.

"तुझी?"

"व्हय. वय कमी व्हतं तवा."

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ओवी पुढं चालली होती. मला वाटलं आता ती उठेल.  आगटे साहेब जमिनीकडं बघत होते.

तेवढ्यात गोजराबाई म्हणाली, "काय गं तुका, म्हसू न्हवं का त्यो?"

आई तिच्याकडं वळली आणि हसली. खरंच हसली. "म्हंजी काय? म्हसूच हाय. माझ्या पोराचा आवाज मला कळनार न्हाई व्हय? ऐक की, कसा खनखनीत हाय." मग सुंदराला म्हणाली, "समद्यास्नी चा टाक. आन साहेबांना दुदाचा."

माझ्या जिवात जीव आला. देव्हाऱ्याकडं बघायचा धीर झाला नाही, पण मनातल्या मनात हात जोडले. पाप लागायचं ते मला लागो. तिला कळलं नाही, एवढं पुरे.

साहेब निघताना आईच्या पाया पडायला वाकले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लई कष्ट घेतलं तुमी समद्यांनी." साहेबांचे डोळे भरले. शहरातली माणसं लवकर रडतात.

२ एप्रिल

साहेबांनी यंत्र इथंच ठेवलं आहे, रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ऐकायला येतं. आईच त्यांना सांगते, ही पहिली ओवी, ही दुसरी, इथं नीट ऐका. पाहुण्यांनी म्हसूची आठवण काढली की ती बोलते. तो होता तेव्हाही इतकी बोलली नसेल. मी तिथं बसत नाही. शेळ्यांकडं जातो. मला माझा आवाज ऐकवत नाही, आणि एक गोष्ट आणखी वाईट झाली आहे. डोळे मिटून म्हसूला आठवायला गेलो तर आता रेकॉर्डच वाजते. खरा कानात होता, तोही गेला. हे कुणाला सांगायचं? सोमनाथलाही सांगितलं नाही.

आईला सगळं खरं सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा ती पाहुण्यांना "माझा म्हसू" म्हणत होती. जीभ उचलली नाही.

९ एप्रिल

सकाळी कामावर निघालो, सायकल बाहेर काढली तर आई मागून आली. हातात तिच्या जुन्या लुगड्याची फाडलेली मऊ पट्टी.

"गळ्याला गुंडाळ ह्ये."

"आई, चैत हाय. उन्हानं जीव चाललाय."

"असू दे. खाली वाक."

मी वाकलो. तिनं पट्टीचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि गाठीवर जरा वेळ हात ठेवून उभी राहिली.

"आवाज जपावा मानसानं," ती म्हणाली. "एकच ऱ्हायलाय."

तिला कोणता आवाज म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. उशीर होत होता. उतारावर सायकल सोडली आणि पिरंगुट येईपर्यंत पाय मारलेच नाहीत.

गेटवर सोमनाथ हसला. "बाजीदादा, ह्या उन्हात मफलर?" मी सायकल लावून आत गेलो. दिवसभर घाम येत होता. पट्टी सोडली नाही.